ओवाळणी आणि वाटा



२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. राखीपौर्णिमा तोंडावर आली होती आणि आमच्या कार्यालयाचा ओटा सकाळी नवापासून बायकांनी भरून जात होता. कुणाचं आधार कार्ड बँकेच्या खात्याला जोडलेलं नाही, कुणाचं एका कागदावर माहेरचं नाव तर दुसऱ्यावर सासरचं, कुणाच्या जन्मतारखेचाच ठिकाणा नाही. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरून देणं हे आपल्या संघटनेचं काम नव्हे, असं आम्ही जुलैच्या बैठकीत चांगलं दोन तास चर्चा करून ठरवलं होतं. पण दारात आलेल्या बाईला 'हे आमच्या धोरणात बसत नाही' असं सांगायला कुणाचीच जीभ रेटेना. मग सतरंजी घातली, पेनं आणली आणि बसलो.

त्याच गर्दीत एका दुपारी उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या सात बायका आल्या. दोघी सिग्नलवर गजरे विकतात, एक भंगार वेचते, बाकीच्या लग्नाच्या हंगामात कार्यालयांमध्ये भांडी घासतात आणि एरवी मिळेल ते करतात. त्यांच्यातली सर्वांत मोठी साठीच्या अलीकडची. तिला सगळ्या मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. अर्ज भरायला घेतला आणि तिसऱ्याच रकान्याशी अडलो. पत्ता.

मावशी म्हणाली, "पुलाचा खांब नंबर सांगू का?"

आम्ही हसलो, तीही हसली. मग कागद काढायला सांगितले, तेव्हा हसू थांबलं. अर्जाला अधिवासाचा पुरावा हवा होता. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला यांपैकी काहीही चालणार होतं. सरकारनं आपल्या परीनं दार मोठं केलं होतं, हे मान्य करायला हवं. पण मावशी शाळेत गेलेली नाही. जन्माची नोंद कुणी केली नाही. रेशनकार्ड होतं ते नवऱ्याच्या घरी, आणि तिथून ती पंचवीस वर्षांपूर्वी मार खाऊन बाहेर पडली. नंतर कष्टानं जमवलेले दोन-तीन कागद एका बोचक्यात होते. अतिक्रमण हटवणारी गाडी आली त्या दिवशी ते बोचकंही स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर गाडीत गेलं. सातांपैकी दोघींचे अर्ज पुढे गेले, कारण त्यांचं नाव गावाकडच्या कार्डावर अजून शिल्लक होतं. ऑक्टोबरमध्ये अर्ज घेणं थांबलं. मावशीचा अर्ज आमच्या कपाटात राहिला. तो अजून तिथेच आहे.

पंधराशे रुपयांचं काय करशील, असं मी तिला विचारलं होतं. आता लिहिताना त्या प्रश्नाची मला थोडी लाज वाटते. पगार होतो तेव्हा मला हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण तिनं सरळ उत्तर दिलं. शौचालयाचे रोजचे पैसे, आंघोळीचे वेगळे, पाण्याचे कॅन, मोबाईल चार्ज करून देणाऱ्या टपरीवाल्याचे पाच रुपये. "घरात राहणाऱ्यांना फुकट मिळतं ते सगळं आम्ही विकत घेतो," असं ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "आणि रात्री एकानं जागं राहायला लागतं. चार पैसे असले तर दुसऱ्या दिवशी ती काम न करता झोपेल." दिवसाला पन्नास रुपयांत एका बाईची झोप विकत घेता येते, हा हिशेब कुठल्याही अर्थसंकल्पात मी वाचलेला नाही.

या योजनेवर आपल्या चळवळीत भरपूर बोलणं झालं, आणि बरंचसं आपापसात भांडण झालं. काहीजणी म्हणाल्या, ही मतांची खरेदी आहे, आपण तिला हात लावू नये. काहीजणी म्हणाल्या, बाईच्या स्वतःच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा पैसे येताहेत, तिला नाकं मुरडणाऱ्या आपण कोण? मी या दोन्ही गटांत आलटून पालटून बसले आहे. आज मात्र मला जे म्हणायचं आहे ते वेगळंच आहे, आणि ते योजनेच्या नावापासून सुरू होतं.

बहीण. भावानं बहिणीला द्यायची ती ओवाळणी. ओवाळणीत किती घालायचं ते भाऊ ठरवतो. कमी घातली तरी बहिणीनं बोलायचं नसतं, जास्त घातली तर चार जणींना सांगायचं असतं. आणि आपल्या महाराष्ट्रात या ओवाळणीच्या ताटाखाली एक कागद दडलेला असतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर आला. त्यानंतर तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकाकडे बहिणींच्या रांगा लागल्या, पण त्या हक्क घ्यायला नव्हे, हक्कसोड पत्रावर सह्या करायला. सही केली की साडीचोळी, दिवाळीला माहेरपण, भावाच्या घरी पाटावर मान. सही केली नाही की माहेर तुटलं. लाडकी बहीण ती, जिनं हक्क सोडला. मग सरकारनं योजनेला हेच नाव दिलं तेव्हा आपल्या अंगावर काटा यायला हवा होता. आपण मात्र रकमेवर वाद घालत बसलो.

नावात काय आहे, असं कुणी म्हणेल. तामिळनाडूत सप्टेंबर २०२३ पासून कुटुंबप्रमुख बाईला महिना हजार रुपये मिळू लागले. रक्कम आपल्यापेक्षा कमी. पण त्या योजनेच्या नावात 'उरिमै तोगै' हे शब्द आहेत, म्हणजे हक्काची रक्कम. तिथेही अटी आहेत, तिथेही निवडणुका आहेत, तिथल्या राज्यकर्त्यांना मतं नको होती असा माझा भाबडा समज नाही. तरी ज्या बाईचा अर्ज तिथे फेटाळला जातो ती 'माझा हक्क का नाकारला' असं विचारू शकते. आपल्याकडे ती काय विचारणार? 'दादा, मी लाडकी का नाही?'

आणि दादांची लाडकी कोण हे दर काही महिन्यांनी बदलत गेलं. निवडणुकीआधी सव्वादोन-अडीच कोटींच्या घरात बहिणी होत्या, अर्ज भराभर मंजूर होत होते. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २१०० रुपयांचं वचन होतं, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते नव्हतं. मग पडताळणी आली. काही हजार पुरुषांच्या नावानं पैसे गेल्याचं उघड झालं. मावशीला अडवणाऱ्या चाळणीतून हे बाप्ये कसे गळून खाली आले, ते ज्यानं चाळणी बनवली त्यालाच ठाऊक. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागितलं. ओरड झाल्यावर विधवांना पतीचा मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांना कोर्टाचा आदेश देण्याची मुभा मिळाली. आता सांगा, टाकलेल्या बाईनं काय द्यायचं? नवरा जिवंत आहे, घटस्फोट झालेला नाही, आणि तो आधार क्रमांक देणार नाही, देईल तर त्याची किंमत वसूल करून देईल. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांच्या परिषदा भरल्या, मोर्चे निघाले, तेव्हाची एक साधी मागणी होती की बाईला तिच्या स्वतःच्या नावानं रेशनकार्ड द्या. चाळीस वर्षं होत आली. मशीन बदललं, पडद्यावर अंगठा आला, आणि बाईची ओळख पटवायला पुन्हा नवराच आला.

ज्यांना सगळ्यांत आधी द्यायला हवं त्यांच्यासाठी तर आपल्या राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी यांच्यासाठी. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना पंधराशे झाली. लाडक्या बहिणीच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालणार होतं. त्याच वेळी निराधार बाईच्या कुटुंबाची मर्यादा वर्षाला २१ हजार होती, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. त्याच्या वर एक रुपया गेला की ती निराधार नाही. मी ही दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून कार्यालयात भिंतीला लावले आहेत. आलेल्या प्रत्येकीला वाटतं, लिहिताना शून्य विसरलं.

म्हणून गेलं वर्षभर आम्ही एका वेगळ्या कल्पनेचा अभ्यास करत आहोत. मूलभूत उत्पन्न. इंग्रजी पुस्तकांत ती जुनीच आहे, आणि आपल्याकडे ती कधी अर्थतज्ज्ञांच्या चर्चासत्रात तर कधी निवडणुकीच्या भाषणात डोकावून जाते. कल्पना पाच शब्दांत मावते. रोख, नियमित, माणशी, सर्वांना, विनाअट. कुटुंबप्रमुखाला नाही, प्रत्येक माणसाला. गरिबी सिद्ध करणाऱ्यालाच नाही, सगळ्यांना. श्रीमंतांना का द्यायचं, हा प्रश्न शिबिरात पहिल्या पाच मिनिटांत येतो. श्रीमंताकडून करात परत घेता येतं, हे त्याचं उत्तर. पण माझ्यासाठी खरं उत्तर मावशीच्या अर्जात आहे. जिथे जिथे गरज सिद्ध करावी लागते, तिथे सर्वांत गरजू माणूस आधी गळतो, कारण गरज सिद्ध करायला कागद लागतात आणि कागद ठेवायला घर लागतं.

हे नुसतं बोलणं नाही. २०११ मध्ये मध्य प्रदेशात सेवा संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग सुरू केला. आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला, नंतर एका आदिवासी गावातही, दरमहा रोख रक्कम. मोठ्या माणसाला २०० रुपये, मुलाला १००, वर्षभरानं ३०० आणि १५०. मुलांचे पैसे आईच्या हातात, बाईचे पैसे बाईच्या. काही अट नाही, कशावर खर्च केले ते कुणी विचारायचं नाही. सुमारे सहा हजार माणसांना हे पैसे मिळाले, आणि ज्यांना मिळाले नाहीत अशा गावांशी तुलना केली गेली. दारू वाढेल ही भीती होती. दारूचा खर्च वाढला नाही. मुलींची वजनं सुधारली, मुली शाळेत जास्त जाऊ लागल्या, औषधोपचार वेळेवर होऊ लागले, सावकाराचं कर्ज कमी झालं, घरोघर कोंबड्या-शेळ्या वाढल्या. आणि लोक आळशी झाले का? उलट दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी होऊन स्वतःच्या रानातलं काम वाढलं. त्यातही बायकांचं अधिक. मजुरीला बाई मिळेना म्हणून बड्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर मला त्याचं दुःख नाही.

ही गावातली, घर असलेली माणसं होती, असं तुम्ही म्हणाल. बेघरांबाबत कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराचा एक प्रयोग आहे. २०१८ मध्ये तिथे पन्नास बेघर माणसांना एकदाच ७५०० कॅनेडियन डॉलर दिले, पासष्टांना दिले नाहीत, आणि वर्षभर दोघांची नोंद ठेवली. पैसे मिळालेल्यांचे रस्त्यावरचे दिवस कमी झाले, दारू आणि व्यसनांवरचा खर्च वाढला नाही, आणि निवाऱ्यांवरचा सरकारी खर्च वाचला तो दिलेल्या रकमेपेक्षा जास्त भरला. तीव्र व्यसन किंवा मानसिक आजार असलेल्यांना त्या प्रयोगात घेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं. आपल्या पुलाखालची गोष्ट वेगळी आहे. तिथे परत जायला भाड्याची खोली असते, आपल्याकडे पन्नास हजार अनामत आणि 'एकट्या बाईला देत नाही' असं उत्तर असतं.

आता एका कायद्याबद्दल, कारण इथे माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची गाठ आहे. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९. या कायद्यात भिकारी कोण याची व्याख्या आहे. हात पसरणारा तर आहेच, पण ज्याच्याकडे उपजीविकेचं दिसेल असं काही साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत फिरतो किंवा राहतो, तोही आहे. पकडलं तर पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. मुंबई राज्याचा हा कायदा पुढे कित्येक राज्यांनी उचलला. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यातली अनेक कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. जगण्याचं साधन देता येत नसेल तर जगण्याच्या धडपडीला गुन्हा म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा मला समजलेला अर्थ आहे.

आमच्या पुलाखालच्या एकीला काही वर्षांपूर्वी असं उचललं होतं. ती गजरे विकत होती, पण त्या क्षणी टोपलीत गजरे संपले होते. रिकामी टोपली घेऊन बसलेली बाई म्हणजे उपजीविकेचं साधन नसलेली बाई. तिची धाकटी मुलगी दीड महिना आईशिवाय मावशीजवळ होती. आता विचार करा. प्रत्येक माणसाच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम येत असेल, तर 'उपजीविकेचं साधन नाही' असं या देशात कुणाहीबद्दल म्हणता येणार नाही. कायदा रद्द व्हायला संसदेत, विधिमंडळात वर्षं जातील, आणि त्यासाठी आपण भांडत राहूच. पण मूलभूत उत्पन्नानं त्या व्याख्येखालची जमीनच निघून जाते. तुम्ही मला भिकारी म्हणूच शकत नाही, हे पाहा माझं पासबुक. पन्नास रुपये रोजची झोप आणि हे पासबुक, या दोन गोष्टींसाठी मी आज या मागणीच्या बाजूनं लिहिते आहे.

पण पैशानं घर होत नाही. हे आपल्यातल्या ज्या मैत्रिणी वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत त्यांच्याशी माझं भांडण नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक माणसं भरली. एका रात्रीत, झोपलेली माणसं मोजून. बायका तर दिसू नयेत अशाच जागी झोपतात, त्या किती सुटल्या असतील कोण जाणे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असं सांगितलं. २०११ च्या लोकसंख्येनं एकट्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. ही संख्या मुंबईनं कधीच गाठली नाही. जे निवारे आहेत तिथेही नियम असे की मुलगा जरा मोठा झाला की त्याला आईजवळ ठेवता येत नाही. आईनं काय निवडावं? निवारा की मुलगा?

मुंबईच्या फुटपाथवरच्या बायकांनी हे उत्तर एकदा स्वतःच शोधलं होतं. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांच्या झोपड्या मोडून माणसं बसमध्ये घालून शहराबाहेर सोडली गेली. त्यावरून झालेल्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. आपण हे वाक्य पोस्टरवर लिहिलं. त्याच निकालानं नोटीस देऊन झोपड्या काढायला परवानगीही दिली, ते मात्र पोस्टरवर कुणी लिहिलं नाही. त्यानंतर भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन उभं केलं. रोज रुपया-दोन रुपये गोळा करत, स्वतःची मोजणी स्वतः करत, त्यांनी पुढे मानखुर्दला पक्की घरं मिळवली. गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही असं म्हणणाऱ्याला मी या बायकांच्या वह्या दाखवायला नेईन. पण त्या वह्यांमध्ये भरायला रोजचा रुपया होता म्हणून वह्या भरल्या. आणि जमीन मिळाली म्हणून घरं झाली. बचतीतून जमीन झाली नाही.

तेव्हा आपली भूमिका स्पष्ट असू दे. ही रक्कम रेशनच्या बदल्यात नको. दवाखान्याच्या, अंगणवाडीच्या, निवाऱ्याच्या बदल्यात नको. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत मूलभूत उत्पन्नावर एक आख्खं प्रकरण होतं. माणशी वर्षाला ७,६२० रुपये, म्हणजे महिना ६३५, असा हिशेब त्यात मांडला होता, आणि सुरुवात बायकांपासून करावी असाही विचार होता. हे वाचून आपण हुरळून जाण्यासारखं होतं. पण त्याच प्रकरणात ही रक्कम चालू योजनांच्या जागी आणण्याचा विचार होता. बाईला पैसे द्या आणि तिच्या ताटातलं धान्य काढून घ्या, म्हणजे भाववाढीची सगळी जोखीम तिच्या पदरात. गव्हाचा भाव वाढला तर खात्यातली रक्कम वाढत नाही. रेशनच्या दुकानात पाच किलो हे पाच किलोच असतात. दुकानदारानं मापात मारलं नाही तर.

'मग पैसा कुठून आणणार?' हा प्रश्न आला की आपण गप्प बसतो. बसू नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. मागेल त्याला काम. त्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी शहरातला कारकून आणि डॉक्टर देत होता, आणि तिला कुणी 'लाडकी मजूर' म्हणत नव्हतं. काम मिळालं नाही तर ती तहसील कचेरीवर मोर्चा नेत होती, आपण तिच्याबरोबर चालत होतो. त्या योजनेत भ्रष्टाचार होता, मजुरी अडकायची, पाळणाघरं कागदावर असायची, सगळं खरं. तरी तिच्या तोंडी शब्द होता 'हक्काचं काम'. २०२५-२६ मध्ये लाडक्या बहिणींसाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. म्हणजे पैसा उभा करता येतो. तो कोणत्या नात्यानं द्यायचा, एवढाच प्रश्न राहतो.

'फुकटच्या पैशाची सवय लागेल' हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या पुरुषांकडून ऐकलं आहे की त्यावर वेगळं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. एकच आकडा सांगून सोडून देते. २०२४ च्या केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेले, घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ८८. फुकट कोण कुणाचं खातं आहे? १९७२ च्या सुमारास इटलीत, इंग्लंडमध्ये बायकांनी घरकामाला वेतन मागितलं तेव्हा आपल्यातल्या अनेकींना ती मागणी पटली नव्हती, मलाही नाही. पगार घेतला की बाई कायमची चुलीला बांधली जाईल, अशी भीती वाटायची. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. मूलभूत उत्पन्न मला त्यापेक्षा जवळचं वाटतं ते यासाठी की ते कामाबद्दल नाही. बाईनं चूल पेटवली काय, न पेटवली काय, ते तिचं आहे. मावशीकडे तर चूलच नाही.

आमच्या गटात यावर अजून एकमत नाही. दोघींना वाटतं, एवढी मोठी मागणी धरली तर हातातले पंधराशे जातील. एकीला वाटतं, घराचा प्रश्न मागे पडेल. त्या पुढच्या अंकात लिहिणार आहेत, तुम्हीही लिहा. विशेषतः ज्यांच्या भागात टाकलेल्या बायकांचे पैसे ई-केवायसीत अडकले, त्यांनी नावं न छापता हकिकती कळवा, आम्हाला निवेदनासाठी हव्या आहेत.

एक काम मात्र सुरू केलं आहे. निवडणूक आयोगाच्या नियमांत बेघर माणसाला मतदार होता येतं. पत्त्याचा कागद लागत नाही. फॉर्म ६ भरायचा, झोपण्याची जागा लिहायची, आणि मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन ती व्यक्ती खरंच तिथे झोपते का ते पाहतो. एकाहून जास्त रात्री. मतदार ओळखपत्र मिळालं की पुढचे कागद निघू शकतात. मावशीचा फॉर्म आम्ही भरला आहे, पत्त्याच्या रकान्यात खांबाचा नंबर लिहिला आहे. अडचण एवढीच की अधिकारी कोणत्या रात्री येईल ते सांगत नाहीत, आणि गस्तीचे पोलीस तिला त्या जागेवरून रोज रात्री उठवतात. म्हणून सध्या आम्ही दोघी-दोघी पाळीनं रात्री दहा ते पहाटे पाच तिच्याजवळ बसतो. पोलीस आले की फॉर्मची पोच दाखवतो. सोमवार ते बुधवारच्या पाळ्या भरल्या आहेत. गुरुवार आणि शनिवार रिकामे आहेत. येणार असाल तर कार्यालयात नाव द्या. सतरंजी आहे, चादर आपली आणा, डास फार आहेत.

तुमची,
संपादक